टाकीचं सोवळं

जूनच्या तोंडावर मालवण-तारकर्लीच्या होड्या वाळूवर ओढल्या जातात, त्यांच्यावर झापं चढतात, आणि किनाऱ्यावरचे फलक सप्टेंबरपर्यंत पाऊस खात उभे राहतात. फलकांवर नेहमीचीच चित्रं. निळं पाणी, पट्टेरी मासे, मास्क लावलेला एक चेहरा आणि अंगठा-तर्जनी जुळवून केलेली ‘ठीक आहे’ची खूण. पाठीवरची टाकी चित्रात आलीच तर कोपऱ्यात येते. टाकीच्या आतलं चित्र मात्र कुणी काढत नाही. माझा पावसाळा त्या न काढलेल्या चित्रात जातो. हंगामात दिवसरात्र राबलेल्या टाक्या शेडमध्ये रांगेने निजलेल्या असतात. त्या एकेक करून रिकाम्या करायच्या, उघडायच्या, आत बघायचं, आणि काही मोजक्या टाक्या ऑक्सिजनसाठी स्वच्छ करायच्या, हे माझं काम.

स्कूबा म्हटलं की नाव निघतं ते रेग्युलेटरचं. 1943 साली फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी श्वासागणिक मागेल तेवढीच हवा देणारी झडप जुळवली आणि माणूस नळीच्या दाव्यातून सुटून पाण्याखाली हिंडू लागला. मोठीच गोष्ट होती ती. पण झडप हवा देते ती टाकीतली. आमच्याकडे, आणि जगभर बऱ्याच ठिकाणी, चालणारी ॲल्युमिनियमची टाकी घ्या. पाणी ओतलं तर तिच्यात जेमतेम अकरा लिटर मावेल. हवा मात्र आपण दोन हजार लिटरांहून जास्त कोंबतो, 207 बार दाबाने. म्हणजे आतल्या दर चौरस सेंटीमीटरवर दोनशे किलोंहून अधिक भार. त्या हवेचंच वजन अडीच किलोंच्या वर जातं. म्हणून तर डाइव्ह संपत आली की हलकी झालेली टाकी बूड वर उचलायला बघते आणि नवख्याला वाटतं, मागून कुणी ओढतंय. एवढा दाब पाठीशी बांधून माणसं निवांत मासे बघत असतात. त्यांनी तसंच निवांत असावं. टाकीची काळजी त्यांनी पाण्यात करायची नसते, ती कुणीतरी आधीच जमिनीवर करून ठेवायची असते.

दाबाखालच्या वायूंच्या सिलिंडरांवर आपल्याकडे देखरेख असते ती पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेची, म्हणजे पेसोची. तिचं मुख्यालय नागपुरात. समुद्रापासून इतक्या लांब, भर उन्हाच्या मुलखात बसून कुणीतरी आमच्या ओल्या टाक्यांचा विचार करतं, याची मला नेहमी गंमत वाटते. 2016 चे गॅस सिलिंडर नियम सिलिंडर कोणत्या मंजुरीने बनावा, कुणी भरावा, त्याने दाबाची चाचणी केव्हा द्यावी, हे सगळं सांगतात. पण एका चाचणीपासून दुसरीपर्यंतची वर्षं टाकी खाऱ्या वाऱ्यात काढते. म्हणून या धंद्यात वर्षातून एकदा टाकी उघडून आत डोकावायची रीत आहे. दाबाची चाचणी यंत्र करतं. हे डोकावणं माणसाला करावं लागतं.

सुरुवात बाहेरून होते. आधी खांद्यावर ठोकलेली अक्षरं वाचायची. कुणी बनवली, कोणत्या मिश्रधातूची, किती दाबाची, अनुक्रमांक काय, शेवटची दाबचाचणी कोणत्या महिन्यात. मग बुडाला चढवलेला प्लास्टिकचा बूट काढायचा. हा बूट टाकीचं बूड जपायला असतो, पण त्याच्या आत मीठ आणि वाळू वर्षभर ओली राहते, आणि धातू पहिल्यांदा खराब होतो तो तिथेच. रंगाला आलेला फुगवटा नखाने खरवडला की खालून पांढरी भुकटी निघते. पट्ट्याखाली, बुटाखाली, जिथे जिथे आपण टाकीला जपायला काही गुंडाळलं, तिथे तिथे ही भुकटी. उघडी राहिलेली बाजू बहुधा ठणठणीत असते.

ठणठणीत हे अगदी शब्दशः. आमचे कॉम्प्रेसर सांभाळणारे काका टाकी रिकामी झाली की दोन बोटांवर तिला जरा उचलून धरतात आणि लाकडी मुठीने हलकेच टिचकी मारतात. चांगल्या टाकीचा नाद लांबत जातो. “आयक गो,” ते म्हणतात, “बरी टाकी बोलता. वायट टाकी गप रवता.” नादाचा भरवसा पुरता नसतो हे त्यांनाही ठाऊक आहे, मलाही. आत पाणी असेल, गंजाचे पोपडे सुटले असतील तर आवाज बोदा येतो. पण बारीक तडा असलेली टाकीही गोड बोलू शकते. तरी ते टिचकी मारतात आणि मीही कान देते. तपासणीची पहिली अट म्हणजे थांबणं, आणि त्या नादाने आम्ही दोघंही थांबतो.

व्हॉल्व्ह काढण्याआधी टाकी खरंच रिकामी आहे ना, याची खातरजमा करावी लागते. काटा शून्य दाखवतो म्हणजे रिकामी असं नव्हे. व्हॉल्व्हची वाटच चोंदलेली असली तर काटाही फसतो. उघडा ठेवलेला व्हॉल्व्ह, बाहेर पडणाऱ्या हवेचा थंड फुत्कार, मग त्याचं मंदावणं, सगळं लक्ष देऊन ऐकायचं. ती हवा हुंगायचीही. तेलाचा, रबराचा, कुबट असा कसलाही वास आला तर तो टाकीपेक्षा कॉम्प्रेसरबद्दल जास्त सांगतो. व्हॉल्व्ह पान्ह्याने फक्त सैल करायचा, पुढचे आटे हातानेच सोडवायचे. हाताला अडल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबायचं, कारण आत दाब उरला असेल तर तो सांगायची ही शेवटची जागा.

मग टाकीचं तोंड उघडं होतं. रुपयाहून जरासं मोठं भोक. त्यातून लवचीक दांड्यावरचा बारीक दिवा आत सोडते आणि टाकी आतून उजळते. आतली भिंत कधी आरशासारखी नसते. मळकट चंदेरी, घडवताना ओढल्या गेलेल्या उभ्या रेघा अंगावर असलेली, आणि खांद्याकडे धातू दाबून आवळल्याच्या सुरकुत्या पडलेली. पहिल्यांदा बघणाऱ्याला प्रत्येक सुरकुती म्हणजे तडा वाटते. शिकायचं ते हेच, की जन्मखूण कोणती आणि जखम कोणती. बुडाकडे दिवा नेला की कधी पाण्याच्या थेंबाने सुकताना सोडलेली कडा दिसते, कधी मिठाची चिमूट, कधी पांढऱ्या ठिपक्यांची रांग. ठिपका नुसता डाग आहे की त्याखाली खड्डा आहे, हे समोरून प्रकाश टाकून कळत नाही. दिवा भिंतीला लगटून तिरका धरावा लागतो. मग खड्ड्याला सावली पडते आणि डागाला पडत नाही.

पोलादी टाकीची गोष्ट वेगळी. तिच्यात खारं पाणी शिरलं तर गंज धरतो, आणि गंजणं म्हणजे ऑक्सिजन खाणं. बंद टाकीत हे दीर्घकाळ चाललं तर भिंत तर झिजतेच, वर आतली हवाही निःसत्त्व होत जाते. काट्यावर दाब पुरेसा दिसतो, हवा नाकाला कसली लागत नाही, आणि तिच्यात श्वास घेणाऱ्याला पुरेल एवढा ऑक्सिजन उरलेला नसतो. वर्षानुवर्षं कोपऱ्यात भरून ठेवलेली पोलादी टाकी म्हणूनच न तपासता कुणाच्या पाठीवर चढवायची नसते.

ॲल्युमिनियमला असा गंज नाही, पण त्याचंही एक दुखणं होतं. अमेरिकेत 1988 च्या सुमारापर्यंत बऱ्याच टाक्या 6351 या क्रमांकाच्या मिश्रधातूपासून बनत. या धातूत सतत ताण राहिला तर मानेजवळ, आट्यांमध्ये, बारीक तडा हळूहळू वाढत जाऊ शकतो, हे नंतर ध्यानात आलं. सगळ्याच टाक्यांत नाही, पण कोणत्या टाकीत हे आधी सांगता येत नाही. पुढे उत्पादक 6061 कडे वळले आणि जुन्या टाक्यांच्या माना विद्युतप्रवाहाच्या भोवऱ्यांनी तपासायचं यंत्र आलं. आजही जुनी टाकी समोर आली की मी आधी खांद्यावरचं वर्ष बघते, मग आटे. दंतवैद्याच्या आरशासारखा छोटा आरसा घालून एकेक आटा बघायचा. तडा आट्यांना आडवा छेदत जातो, एका आट्यातून दुसऱ्यात उतरतो. एकाच आट्यावरची खरचट म्हणजे बहुधा व्हॉल्व्ह बसवणाऱ्याची घाई. आणि टाकी कधी आगीत, भट्टीत किंवा रंग भाजण्याच्या ओव्हनमध्ये गेलीय का, हेही विचारायचं. सुमारे 175 अंशांच्या वर तापलेली ॲल्युमिनियमची टाकी आपली ताकद गमावते, आणि ती दिसायला नव्यासारखी झगमगीत रंगवलेलीही असू शकते.

दाबाची चाचणी मला तत्त्वज्ञानाच्या तासासारखी वाटायची, अजूनही वाटते. अमेरिकी पद्धतीत टाकी पाण्याने भरून पाण्याच्याच एका बंद पिंपात ठेवतात आणि तिच्या नेहमीच्या दाबाच्या पाच तृतीयांश दाब देतात. 207 बारच्या टाकीला सुमारे 345. टाकी फुगते, पिंपातलं तेवढं पाणी बाजूला सरतं, ते मोजतात. मग दाब काढून घेतात आणि टाकी किती परत आली ते मोजतात. एकूण फुगण्याच्या दहा टक्क्यांपर्यंत फुगवटा कायमचा राहिला तर चालतं, त्याहून जास्त राहिला तर टाकी बाद. म्हणजे ताण सोसला की नाही हा प्रश्नच नाही. सोसलाच पाहिजे. प्रश्न आहे परत येण्याचा. आणि तिथेही शंभर टक्के परत येण्याचा हट्ट कुणी धरत नाही.

इथवर झाली ती साध्या हवेची टाकी. आता ऑक्सिजन.

हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन. खोल पाण्यात हा नायट्रोजन शरीरात मुरतो आणि वर येताना त्रास देतो. म्हणून नायट्रोजन कमी आणि ऑक्सिजन जास्त असं मिश्रण वापरायची कल्पना आली. 1970 च्या दशकात अमेरिकेच्या नोआ या सागरी संस्थेत मॉर्गन वेल्स यांनी बत्तीस टक्के ऑक्सिजनचं मिश्रण डायव्हरांसाठी कोष्टकांत बसवलं. आज अशा मिश्रणालाच सगळे नायट्रॉक्स म्हणतात आणि त्याच्या टाकीवर हिरव्या-पिवळ्या रंगाचा पट्टा असतो. होडीजवळच्या उथळ पाण्यात पर्यटकाला मासे दाखवायला नायट्रॉक्सची काही गरज नाही. पण आंग्रिया बँकसारखी जागा घ्या. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, सगळ्यात उथळ भागही वीसेक मीटर खोल. तिथे पोवळ्यांची मोजदाद करायची, दिवसातून अनेकदा उतरायचं, तर बत्तीस टक्क्यांचं मोल कळतं. त्याचीही हद्द आहे. ऑक्सिजन स्वतःच दाबाखाली विषारी होतो, हे फ्रान्सच्या पॉल बेर यांनी 1878 मध्येच लिहून ठेवलं. बत्तीस टक्क्यांचं मिश्रण घेऊन तेहतीस मीटरच्या खाली जायचं नसतं.

हे मिश्रण बनवायची एक जुनी, सरळ रीत अशी. दोनशे बारची टाकी हवी असेल तर रिकाम्या टाकीत आधी सुमारे अठ्ठावीस बार शुद्ध ऑक्सिजन सोडायचा, मग वरून हवा भरत दोनशेपर्यंत न्यायची. शेवटी डायव्हरच्या हाती येतं ते बत्तीस टक्क्यांचं मवाळ मिश्रण. पण टाकी मात्र मध्ये काही मिनिटं शुद्ध ऑक्सिजनमधून गेलेली असते. म्हणून तिची परीक्षा मिश्रणाच्या मापाने होत नाही, त्या मधल्या काही मिनिटांच्या मापाने होते.

त्या मिनिटांत काय होऊ शकतं, हे समजायला 27 जानेवारी 1967 ची आठवण पुरे. केप केनेडीवर अपोलो 1 च्या यानात तीन अंतराळवीर जमिनीवरच्या सरावासाठी बसले होते. यानात शुद्ध ऑक्सिजन होता, बाहेरच्या हवेपेक्षा किंचित जास्त दाबाने. कुठेतरी ठिणगी पडली. नायलॉनची जाळी, चिकटपट्ट्या, एरवी कुणी ज्वालाग्राही म्हणणार नाही अशा वस्तू क्षणात पेटल्या. दार आतल्या बाजूला उघडणारं होतं, आतला दाब वाढल्यावर ते उघडेना. तिघंही गेले. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याच्या सहवासात बाकी सगळ्यांचा स्वभाव बदलतो.

टाकीत ठिणगीचीही गरज नसते. दाबाखालचा वायू एकदम सुटून बंद कोपऱ्यावर आदळला की तो स्वतःच तापतो. कागदावर हिशेब केला तर एका बारवरून दोनशेवर झटक्यात दाबलेला वायू हजार अंशांच्या वर जायला हवा. प्रत्यक्षात धातू बरीच उष्णता शोषून घेतो, पण तेलाचा एक थेंब पेटायला एवढं लागतच नाही. डिझेलचं इंजिन याच तत्त्वावर चालतं. म्हणून ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह नेहमी सावकाश उघडायचा, आणि त्याच्या वाटेत जळू शकेल असं काही ठेवायचंच नाही. तेल नाही, साधं ग्रीस नाही, धातूचा कीस नाही, फडक्याचा धागा नाही. बोटाचा ठसाही नाही, कारण बोटाला तेल असतं. आमच्याकडे तर ते केसांपासून कढईपर्यंत सगळीकडे असतं. ऑक्सिजनच्या कामाच्या दिवशी मी सकाळी डोक्याला खोबरेल लावत नाही. आई म्हणते, केस पिकतील. पिकू देत.

सफाई सुरू होते ती नुसत्या गरम पाण्याने आणि तेल सोडवणाऱ्या सौम्य द्रावणाने. तीव्र क्षार वापरायचा नाही, तो मळाबरोबर ॲल्युमिनियमही खातो. टाकी आडवी ठेवून रोलरवर फिरवायची म्हणजे द्रावण भिंतभर फिरतं. मग धुवायची, पुन्हा धुवायची. धुतलेलं पाणी काचेच्या स्वच्छ बाटलीत घेऊन जोरात हलवायचं आणि बाजूला ठेवून द्यायचं. फेस टिकला तर साबण अजून आत आहे, म्हणजे मळ काढायला घातलेलाच आता मळ झालाय. फेस विरेपर्यंत धुणं संपत नाही. शेवटची फेरी डिस्टिल्ड पाण्याची, कारण नळाचं पाणी सुकताना स्वतःची खूण सोडून जातं.

आणि मग सुकवणं. कोकणात जुलैमध्ये काही सुकवायचं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. पुस्तकं बुरसतात, चपला हिरव्या होतात. बाहेरच्या हवेवर सोडलेली टाकी आठवडाभरात ठिपक्यांनी भरेल. म्हणून तिच्यात चांगल्या गाळणीतून आलेली कोरडी, तेलमुक्त हवा फुंकायची. डायव्हरचा घसा पाण्याखाली कोरडा पडतो त्याचं कारण हेच, की टाकीतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा किती तरी कोरडी असते. बाहेर मुसळधार चाललेली असते, पत्र्यावर कानठळ्या बसतात, आणि आत एवढ्याशा अकरा लिटरांत मी कडक उन्हाळा तयार करत असते.

दरम्यान व्हॉल्व्ह पूर्ण सोडवलेला असतो. त्याचा एकेक भाग वेगळा धुतलेला, जुन्या नायट्राइल ओ-रिंगांच्या जागी व्हायटॉनच्या आणलेल्या. वंगणही वेगळं, ऑक्सिजनमध्ये न पेटणारं. त्याची इवलीशी नळी मिळते, महाग, आणि ते मोहरीएवढंच लावायचं असतं. नेहमीची सिलिकॉनची डबी त्या टेबलावर येऊच द्यायची नाही. हातात पावडर नसलेले मोजे. खाली धागे न सुटणारं कापड. टेबलाजवळ कुणी वडा खात आलं तर मी ओरडते, “शिवू नको हं, लांब हो!”

ओरडले आणि मला माझी आजी आठवते. तिचं सोवळं कडक होतं. धुतलेलं सोवळ्याचं लुगडं उंच वळणीवर काठीने टाकायची, काठीनेच उतरवायची. ते नेसून चुलीपाशी बसली की आम्हा पोरांना माजघराचा उंबरा ओलांडायची बंदी. कुणाचा पदर लागला, कुणाचं बोट लागलं की पुन्हा अंघोळ, पुन्हा सगळं पहिल्यापासून. माझी टाकीही तशीच आहे. तासन्‌तास खपून ऑक्सिजनसाठी स्वच्छ केलेली टाकी कुणी साध्या कॉम्प्रेसरवर एकदा भरली की ती ओवळी झाली. त्या हवेत मान्य मर्यादेतही तेलाची वाफ असते. नेहमीच्या श्वसनाच्या हवेला घनमीटरमागे पाच मिलिग्रॅमपर्यंत तेल चालतं, ऑक्सिजनबरोबर मिसळायच्या हवेला एक दशांश मिलिग्रॅम. श्वास घ्यायला पहिली हवा उत्तम. फक्त या टाकीला ती चालत नाही. ओवळी झालेली टाकी पुन्हा पाण्यात, पुन्हा रोलरवर, पुन्हा पहिल्यापासून.

पण साम्य इथेच संपतं, आणि मला त्याचं बरं वाटतं. आजीच्या सोवळ्यात कोण शिवलं याला महत्त्व होतं. महिन्यातले चार दिवस मीही त्या उंबऱ्याच्या बाहेर बसलेली आहे, आणि दारात आलेल्या काही माणसांना तर कधीच उंबऱ्याच्या आत बोलावलं गेलं नाही. त्यांच्या हाताला काय लागलंय हे कुणी बघितलं नव्हतं. टाकीला माझी जात, माझे दिवस, माझं गोत्र कशाशीच कर्तव्य नाही. तिला हवा असतो फक्त तेल नसलेला हात. तो कुणाचाही असू शकतो आणि प्रत्येक वेळी तपासून घ्यावा लागतो. जे शुद्ध म्हणायचं त्याची कसोटीही सांगायची, असा हा नियम आहे. आजीला कसोटी विचारायची सोय नव्हती.

पण कसोटी सांगायची म्हटलं की खरी पंचाईत सुरू होते. मळ आहे हे दाखवता येतं. मळ नाही हे कसं दाखवणार? शेडचे दिवे मालवून जांभळ्या अतिनील दिव्याने आत बघायचं. खनिज तेलाचे बरेच प्रकार त्या उजेडात चमकतात. पण प्रत्येक तेल चमकतंच असं नाही, आणि सुती धागा, साबणाचा अंश असल्या वस्तूही चमकतात. म्हणजे चमकलं तर मळ असेलच असं नाही, आणि न चमकलं तर नसेलच असंही नाही. मग पाण्याची परीक्षा. स्वच्छ धातूवर शुद्ध पाणी सलग पातळ पडद्यासारखं पसरतं. तेलकट जागेवर पडदा फाटतो आणि मणी होतात. मग पांढऱ्या कापडाने पुसून कापड बघायचं. मग पुन्हा साधा पांढरा दिवा. प्रत्येक चाचणी दुसरीची एखादी फट बुजवते आणि स्वतःची एक ठेवते. सगळ्या करून झाल्यावर माझ्या हाती एवढंच उरतं की जिथे बघता आलं तिथे बघितलं, आणि काही सापडलं नाही.

सुरुवातीला मला हे फार लंगडं वाटायचं. प्रमाणपत्र म्हटल्यावर ठाम काहीतरी असावं. हळूहळू उलटं वाटू लागलं. आपल्याकडे ठाम कागदांचा तुटवडा नाही. गाडी पुढे न आणता मिळालेलं प्रदूषणाचं प्रमाणपत्र आहे, दार न उघडता भरलेला तपासणीचा तक्ता आहे, गच्चीवर न चढता दिलेला पाणी गळत नसल्याचा दाखला आहे. सगळे छातीठोक. त्यांच्यात एकच वाक्य नसतं, की मी स्वतः बघितलं. टाकीवर मी चिकटवते त्या स्टिकरवर फक्त तेवढंच असतं. कुणी बघितलं, केव्हा बघितलं, कशासाठी बघितलं. हवेसाठी की ऑक्सिजनसाठी. त्यात भविष्याबद्दल एक अक्षर नाही.

नायट्रॉक्स घेणाऱ्या डायव्हरला एक हक्क असतो. टाकी ताब्यात घेताना तो स्वतः मापकाने ऑक्सिजनचं प्रमाण मोजतो, टाकीवर लिहितो, खाली सही करतो. मोजल्याशिवाय ती टाकी पाठीवर घ्यायची नाही, हे त्याला शिकवलेलं असतं आणि ते बरोबरच आहे. पण आतली भिंत त्याला मोजता येत नाही. आट्यांमधला तडा, बुडाकडचा खड्डा, ओ-रिंगवरचं वंगण यातलं त्याला काहीच दिसत नाही. तिथे त्याला दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबावं लागतं. स्वतः मोजता येईल ते मोजायचं, आणि मोजता येत नाही ते कुणी बघितलंय हे तरी विचारायचं, एवढं पुष्कळ झालं. आमचे पाहुणे हल्ली कॅमेरा कोणता, व्हिडिओ किती मिनिटांचा, ड्रोन आहे का, हे सगळं विचारतात. टाकी शेवटची कधी उघडली होती हे विचारणारा क्वचित भेटतो. काका म्हणतात, “आत कोण बघूक जाता?” माझ्यापुरतं उत्तर आहे, पण किनारा मोठा आहे आणि टाक्या पुष्कळ.

टाकी बाद करायची वेळ आली की मात्र सगळ्यांना आत बघायचं असतं. मालक हातातलं काम टाकून येतो. खड्डा कुठाय, दाखव. एवढासा तर आहे. बाहेरून तर नवी दिसतेय. एवढा हंगाम काढू आणि मग बघू. मी दिवा तिरका धरते आणि सावली दाखवते. वाद माझ्या शब्दाचा राहत नाही, सावलीचा होतो. ती त्याला दिसते, आणि दिसल्यावर त्याला न दिसल्यासारखं करता येत नाही. खरं सांगायचं तर बाद झालेल्या टाकीबद्दल मला जेवढी खात्री असते तेवढी पास झालेल्या टाकीबद्दल कधीच नसते.

परवा एका नव्या केंद्राचा मालक त्याच्या दोन टाक्या न्यायला आला. हिरवा-पिवळा पट्टा, नवं स्टिकर, तोंडावर स्वच्छ टोपी. खूश झाला. म्हणाला, “ताई, आता वर्षभर बघायला नको ना?”

मी म्हटलं, “भाऊ, मी काल दुपारी बघितलं तेव्हा त्या स्वच्छ होत्या. इथून पुढे त्या कोणत्या कॉम्प्रेसरवर लावणार ते सांगा, म्हणजे वर्षाचं बोलू.”

तो जरा थांबला आणि त्याने आपल्या कॉम्प्रेसरची गाळणी शेवटची केव्हा बदलली, ते विचारायला फोन काढला.